फायब्रोमायल्जिया आणि टँक: पाण्यात किती करायचं, कसं करायचं, कुठे थांबायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४, मुक्काम पुणे. दीड वर्षापूर्वी फायब्रोमायल्जियाचं (अंगभर दुखणं आणि थकवा कायम राहणाऱ्या आजाराचं) निदान झालं, संधिवाततज्ज्ञांनी पाण्यातला व्यायाम सुचवला. पोहता येत नाही. महापालिकेच्या पोहण्याच्या तलावावर (टँकवर) महिलांची ४५ मिनिटांची बॅच लावली. पहिल्याच दिवशी पाण्यात अंग इतकं हलकं वाटलं की पूर्ण पाऊण तास चालणं, हातपाय मारणं, शेजारच्या बायकांबरोबर थोडं एरोबिक्स असं सगळं झालं. दुसरा दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना आणि पुढचे चार दिवस तसेच गेले. ‘मला पाणी सोसत नाही का? की माझंच काही चुकलं?’

पाणी सोसत नाही असं यातून अजिबात सिद्ध होत नाही. मात्रा चुकली, तीही तिपटीने. हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं, कारण पाणी श्रम लपवतं.

कसं लपवतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं पटेल. छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत पाणी असेल तर पायांवर शरीराचा जेमतेम एक-तृतीयांश भार येतो, कमरेपर्यंत असेल तर साधारण निम्मा, मानेपर्यंत असेल तर दहावा हिस्सा. गुडघे, घोटे, कंबर यांची एरवीची तक्रार तिथे बंद पडते. कोमट पाणी आणि सगळ्या बाजूंनी येणारा त्याचा दाब यांमुळे दुखण्याची जाणीव तेवढ्यापुरती बोथट होते. घाम येतो पण कळत नाही. शिवाय पाण्याचा दाब पायांतलं रक्त छातीकडे ढकलतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं आणि नाडी जमिनीवर तेवढ्याच श्रमाला असते त्याहून मिनिटाला १०-१५ ठोक्यांनी कमी दिसते. मनगटावरच्या घड्याळाने ‘हलका व्यायाम’ दाखवला तर त्याच्यावर विसंबू नका. थकल्याच्या ज्या चार खुणांवरून आपण एरवी थांबतो, त्या चारही पाण्यात पुसल्या जातात.

दुसऱ्या बाजूला, फायब्रोमायल्जियात शरीराचं उत्तर उशिरा येतं. या आजारात स्नायू फाटलेला नसतो, सांधा झिजलेला नसतो. चेतासंस्था साध्या संदेशाचंही दुखणं करून टाकते, आणि सवयीपेक्षा जास्त श्रम झाले की ती आणखी हळवी होते. हे लगेच होत नाही, २४ ते ४८ तासांनी होतं. म्हणून तुमचा दुसरा दिवस बरा गेला आणि तिसरा कोसळला. दुखण्याने अशी उचल खाल्ली म्हणजे आत काही इजा झाली असं नाही, ही दिलाशाची गोष्ट. पण व्यायाम झेपला की नाही हे टँकमधून बाहेर येताना ठरवायचं नाही. दोन रात्री उलटल्यावर ठरवायचं. माझ्या मते या व्यायामात याहून महत्त्वाचा नियम दुसरा नाही.

आता मात्रा. वाईट दिवशी तुम्ही जमिनीवर किती मिनिटं चाललात तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास वाढत नाही, हे आठवा. चांगल्या दिवसाचा आकडा नको. तो २० मिनिटं असेल तर पाण्यात १२ ते १५ मिनिटांनी सुरुवात करा. १० असेल तर सहा-सातच. हसू येईल इतकं कमी वाटलं तर बरोबर आहे. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये दोन दिवसांचं अंतर ठेवून, म्हणजे सोमवार-गुरुवार किंवा मंगळवार-शुक्रवार. सलग दोन दिवस गेलात तर पहिल्या दिवसाचं उत्तर यायच्या आत दुसरा बोजा पडतो.

बॅच ४५ मिनिटांची आहे आणि पैसे पूर्ण भरलेत, म्हणून पूर्ण वेळ पाण्यात राहायचं हा हिशेब सोडून द्या. उरलेला अर्धा तास खरं तर मोकळा नसतोच. पिशवी भरणं, गाडीवरून जाणं, कपडे बदलणं, शॉवर, शिडी, ओले केस, परत येणं हे सगळं त्याच मात्रेत मोजायचं आहे. जाण्यायेण्याला तास लागत असेल तर पाण्यातली मिनिटं आणखी कमी करा.

वाढवायचं कसं? दर दोन आठवड्यांनी पाच मिनिटं: १५, २०, २५, ३०, ३५, ४०. अकराव्या-बाराव्या आठवड्यात तुम्ही ४० मिनिटांवर पोचता. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. आधी वेळ, मग दिवस (दोनाचे तीन), मग वेग आणि सगळ्यात शेवटी साधनं. वेळ आणि वेग एकाच आठवड्यात वाढवून त्रास झाला तर कशामुळे झाला हे कळायला मार्ग उरत नाही. आणि ज्या दिवशी अगदी छान वाटतंय त्या दिवशी ठरलेल्या वेळेला बाहेर यायचंच. या आजारात वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त घात करतात.

पहिल्या १५ मिनिटांत नेमकं काय करायचं ते सांगते.

जागा आधी ठरवा. तुमची उंची पाच फूट एक इंच धरली तर साडेतीन फूट पाणी छातीच्या हाडाच्या टोकाच्या किंचित खाली येतं. चालायला ते उत्तम. चार फुटांवर पाणी काखेच्या थोडं वर येतं. तिथे पाय जेमतेम टेकतात आणि पोहता न येणाऱ्या माणसाला आधार सुटल्यासारखं वाटतं. उथळ बाजूच्या भिंतीला समांतर, म्हणजे टँकच्या रुंदीत चाला, लांबीत नको. तळ खोल बाजूकडे उतरता असतो. लांबीत चाललं की एकदा चढ आणि एकदा उतार लागतो, पाण्याची पातळी सतत बदलते आणि पोटऱ्या व कंबर निष्कारण ताणली जातात.

पाण्यात उतरल्यावर पहिलं एक मिनिट काही करायचं नाही. एक तळहात काठावर उघडा ठेवा (मुठीत काठ आवळायचा नाही), गुडघे किंचित वाकवून खांदे पाण्याखाली न्या आणि श्वास लांब सोडा. छातीवर पाण्याचा दाब असल्यामुळे श्वास घ्यायला थोडा जोर लागतो. कित्येकांना तो घाबरल्यासारखा वाटतो, आणि त्या भरात मान आणि खांदे वर ओढले जातात.

मग पाच मिनिटं पुढे चालणं. इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण निम्मा त्रास याच चालण्यातून येतो. पाणी शरीराला वर उचलत असतं, त्यामुळे टाच आपोआप उचलली जाते आणि माणूस चवड्यांवर चालू लागतो. पाय घसरू नये म्हणून बोटं फरशीला धरतात. अशी दहा मिनिटं गेली की दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांचे गोळे होतात आणि तळवे ठणकतात. प्रत्येक पाऊल टाचेपासून टेकवायचं, मग तळवा, मग बोटं, आणि टाच खरंच फरशीला लागली का हे मुद्दाम जाणवून घ्यायचं. छाती पुढे झुकवून पाणी ढकलत चालू नका, कान-खांदे-कुल्ले एका रेषेत ठेवा. पावलं नेहमीच्या चालण्यापेक्षा थोडी आखूड. हात पाण्याच्या वर धरून चालणं ही दुसरी नेहमीची चूक आहे. हवेतल्या हातांचं पूर्ण वजन मानेच्या मुळाशी असलेल्या स्नायूंवर येतं, आणि फायब्रोमायल्जियात बहुतेकांची तीच जागा सगळ्यात हळवी असते. हात पाण्यातच, कोपर शिथिल. दहा मीटरला २५ ते ३० सेकंद लागले तर वेग योग्य. पंधरा सेकंदांत पोचलात तर फार पळताय.

त्यानंतर दोन मिनिटं बाजूला पावलं टाकत आणि थोडं मागे चालणं. मागे चालताना एक हात काठाजवळ ठेवा.

मग हात, तीन मिनिटं. पाठ भिंतीला, गुडघे वाकवून खांद्यांपर्यंत पाण्यात. दोन्ही हात समोर नेऊन दोन्ही बाजूंना उघडायचे आणि परत आणायचे, आठ वेळा. कोपर वाकवणं-सरळ करणं आठ वेळा. पहिला महिना तळहात फरशीकडे ठेवा, म्हणजे हात सुरीसारखा पाणी कापत जाईल. तळहात उभा केला की तोच हात वल्ह्यासारखा पाणी ढकलू लागतो आणि काम कितीतरी वाढतं. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट, वेग निम्मा केला तर विरोध पावपट. म्हणजे टँकमध्ये वजनं आणि मशीन यांची गरजच नाही. तळहाताचा कोन आणि वेग हीच तुमची वजनं. आणि म्हणूनच शेजारच्या बायकांच्या तालावर एरोबिक्स करणं पहिल्या दिवशी महागात पडलं. शेजारणीच्या वेगाला तुमचे हात जुळवताना विरोध किती पटींनी वाढला हे कुणालाच दिसलं नाही.

पाय दोन मिनिटं: एक तळहात काठावर, पाय सरळ ठेवून पुढे-मागे झोका, प्रत्येक पायाने सहा वेळा, मग गुडघा कमरेच्या उंचीपर्यंत सहा वेळा. टाचा उचलण्याचा व्यायाम पहिले दोन-तीन आठवडे करू नका, पोटऱ्यांना चालण्यातच पुरेसं काम मिळालेलं असतं.

शेवटची दोन मिनिटं परत शांत उभं राहणं. खांदे पाण्याखाली, ओठ पाण्याच्या वर जरासे, फुंकर घालत श्वास सोडायचा. झाली १५ मिनिटं.

श्रम मोजायला घड्याळ नको, बोलणं वापरा. चालता चालता पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. ० ते १० च्या मापावर श्रम ३ ते ४ वाटले पाहिजेत. अडीच-तीन महिन्यांनी ते ५ पर्यंत न्यायला हरकत नाही.

पाण्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे, तीही इथेच सांगते. जिना उतरताना किंवा वजन हळूहळू खाली ठेवताना स्नायू लांबत-लांबत भार पेलतो, आणि व्यायामानंतर दोन दिवसांनी येणारी अंगदुखी मुख्यतः त्या प्रकारच्या कामाने येते. पाण्यात हा प्रकार फार कमी असतो; जाताना एक स्नायू ढकलतो, येताना समोरचा ढकलतो. त्यामुळे मात्रा बरोबर असेल तर पाण्यातल्या व्यायामानंतरचं दुखणं जमिनीवरच्या तशाच व्यायामापेक्षा सहसा कमी असतं.

ज्यांचे सांधे मुळात सैल आहेत (कोपर, गुडघे उलट्या बाजूला वाकणारे) त्यांनी पाण्यात हालचाल शेवटच्या टोकापर्यंत नेऊ नये. वजन नसल्यामुळे सांधा किती ताणला गेला हे कळत नाही. मधल्या टप्प्यातच फिरवा.

आता शिडी. याबद्दल फारसं कोणी बोलत नाही आणि बहुतेक वेळा दिवस इथेच बिघडतो. जुन्या तलावांवर स्टीलची उभी शिडी असते. १५ मिनिटं एक-तृतीयांश वजनाची सवय झालेले पाय एका क्षणात पूर्ण वजन घेतात, ओला कॉस्च्युम त्यात भर घालतो, आणि आपण दांड्या धरून हातांनी स्वतःला वर ओढतो. खांदे आणि मनगटं तिथेच भरून येतात. त्यात पाण्याचा दाब अचानक निघाल्याने रक्तदाब खाली येतो आणि चक्कर येते. म्हणून बाहेर येण्याआधी एक मिनिट जागच्या जागी पावलं टाका. पायरीवर पूर्ण तळवा ठेवा, कमी दुखणारा पाय आधी, दांडी छातीच्या उंचीला धरा (डोक्याच्या वर नाही) आणि पायाने ढकला, हाताने ओढू नका. पहिल्या दोन पायऱ्या चढल्यावर, कंबर पाण्याबाहेर आली की दोन श्वास थांबा. वर आल्यावर काठाजवळ दोन मिनिटं बसा. शक्य असेल तर पायऱ्या किंवा उतार असलेला टँक निवडा. जास्त चकचकीत टँकपेक्षा पायऱ्यांचा टँक तुमच्या कामाचा.

कॉस्च्युमचंही तसंच. ओला, अंगाला चिकटलेला, पाठीमागे बंद असलेला कॉस्च्युम खांदे दुखत असताना उतरवणं हा वेगळाच व्यायाम होतो. समोर चेन असलेला, नेहमीपेक्षा एक माप मोठा घ्या. बहुतेक तलावांवर सुती कपडे चालत नाहीत, पण लांब बाह्यांचा आणि गुडघ्यापर्यंतचा नायलॉन-लायक्राचा चालतो, आणि थंड पाण्यात तोच बरा. कपडे बसून बदला, त्यासाठी स्टूल मिळतं का ते आधी विचारा. रबरी तळाचे पाण्यात घालायचे बूट घेतलेत तर बोटांनी फरशी धरण्याची सवय आपोआप सुटते. अंगाला तेल लावून टँकवर जाऊ नका. फरशीवर पाय घसरतो. तेल घरी, अंघोळीनंतर.

पाण्याचं तापमान. या आजारासाठी उपचाराच्या टँकमध्ये ३२ ते ३४ अंश सेल्सिअस ठेवतात. पोहण्याच्या स्पर्धांचं पाणी २५ ते २८ असतं, आणि संथ चालणाऱ्या माणसाला ते थंड पडतं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. स्नायू आखडतात, आणि थंडीने आखडलेला स्नायू फायब्रोमायल्जियात दोन दिवस सुटत नाही. २९ ते ३१ अंशांत सतत हलत राहिलात तर काम चालतं. २८ च्या खाली हातांचे व्यायाम आणि शेवटचं शांत उभं राहणं गाळा, फक्त चाला आणि दहा मिनिटांत बाहेर या. लहान मुलांच्या अंघोळीचा तरंगता थर्मामीटर मिळतो, तो पिशवीत ठेवा. ‘आज पाणी गार आहे’ या अंदाजापेक्षा आकडा बरा. पुण्यातल्या उघड्या, न तापवलेल्या टँकमध्ये डिसेंबर ते फेब्रुवारी जाण्यात अर्थ नाही. ते महिने तापवलेल्या पाण्याच्या बंदिस्त टँकवर काढा, नाहीतर जमिनीवर. ३६ अंशांच्या वर गेलेलं पाणी मात्र आरामाला छान, व्यायामाला वाईट: थकवा येतो, रक्तदाब उतरतो.

याच कारणाने वज्रेश्वरी-गणेशपुरी किंवा उन्हेऱ्याच्या गरम कुंडांबद्दल जे विचारतात त्यांना सांगते: थोडा वेळ बसून बरं वाटत असेल तर जरूर बसा, पण तो शेक झाला, व्यायाम नव्हे. कुंडांत पाणी बरंच गरम असतं, तिथे हातपाय चालवत राहू नये. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर एकट्याने तर नाहीच.

वेळ निवडताना पहाटेची बॅच टाळा. सकाळचा ताठरपणा सुटायला तुम्हाला किती वेळ लागतो ते बघा आणि त्यानंतर तासभर सोडून पाण्यात उतरा. बऱ्याच जणींना सकाळी उशिराची किंवा दुपारी चारची वेळ जमते. बंदिस्त टँकमध्ये शिट्ट्या आणि मुलांचा कल्ला घुमतो. आवाज, प्रकाश, वास यांचाही त्रास होणाऱ्यांनी कानात मऊ बोळे घालावेत आणि मुलांची बॅच नसलेली वेळ घ्यावी. डोळे चुरचुरवणारा तो उग्र वास आला की ‘क्लोरीन फार टाकलंय’ असं म्हटलं जातं. खरं तर तो क्लोरीन आणि घाम-लघवी यांच्या संयोगातून होणाऱ्या क्लोरॅमाइनचा वास. म्हणजे पाणी स्वच्छ नसल्याची खूण. अशा दिवशी परत फिरा.

औषधांकडे लक्ष द्या. प्रीगॅबॅलिनने सुरुवातीला चक्कर आणि झोप येते. ॲमिट्रिप्टिलिन रात्री घेतलं तरी सकाळी डोकं जड राहू शकतं, आणि उठताना रक्तदाब उतरतो. ड्युलोक्सेटिनने घाम वाढतो. यांपैकी काहीही नव्याने सुरू झालं किंवा मात्रा वाढली, तर अंगवळणी पडेपर्यंत, निदान आठवडाभर, पाण्यात उतरू नका. पोहता येवो न येवो, एकट्याने कधीच नाही. जीवरक्षकाला आजाराचं नाव नाही तरी ‘मला चक्कर येऊ शकते’ एवढं सांगून ठेवा. पाण्यात बसल्याने लघवी जास्त होते, म्हणून आधी जाऊन या आणि आल्यावर अर्धा लिटर पाणी प्या. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. रिकाम्या पोटीही नको, तासभर आधी एखादं केळं पुरे.

ताप, जुलाब, उघडी जखम, लघवीचा जंतुसंसर्ग असेल तर टँक बंद. आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयाचा अशक्तपणा, फिट्स येणं, पायात नुकतीच झालेली रक्ताची गाठ, गरोदरपण यांत आधी डॉक्टरांशी बोला. पाण्याचा दाब रक्त छातीकडे ढकलतो आणि हृदयावर काम टाकतो, ते फक्त ‘हलका व्यायाम’ म्हणून सोडून देऊ नका. बऱ्याच तलावांवर डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात. ते शिक्का मारून घेण्यापुरतं न घेता हे विचारून घ्या. आणि छातीत दुखणं, धाप लागणं, एखादा सांधा सुजणं, एकाच बाजूला बधिरपणा येणं हे ‘माझ्या फायब्रोचंच’ म्हणून बाजूला सारू नका. फायब्रोमायल्जियात सांधे सुजत नाहीत.

नोंद ठेवा, पण आटोपशीर. त्या दिवशी संध्याकाळी, दुसऱ्या सकाळी आणि तिसऱ्या सकाळी दुखणं ० ते १० मध्ये किती, आणि सकाळी अंग सुटायला किती मिनिटं लागली. दुखणं एक-दोन अंकांनी वाढलं आणि तिसऱ्या सकाळपर्यंत मूळ जागी आलं, तर मात्रा बरोबर आहे, तीच चालू ठेवा. तीन अंकांनी वाढलं किंवा तिसऱ्या सकाळीही उतरलं नाही, तर पुढच्या वेळी वेळ एक-तृतीयांशाने कमी करा. बंद करू नका. दुखण्याने उचल खाल्लेल्या आठवड्यातसुद्धा ठरलेल्या दिवशी टँकवर जाऊन पाच-सात मिनिटं नुसतं चालून आलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. चार दिवस पूर्ण झोपून राहिलं की त्यानंतर तेच काम जास्त जड जातं आणि पुढची उचल लवकर येते.

पोहायला शिकायचं का? हौस असेल तर शिका, पण आठव्या आठवड्यानंतर, आणि मान वर काढून ब्रेस्टस्ट्रोक मारायची आपल्याकडची पद्धत सोडून. चेहरा पाण्याबाहेर ठेवण्यासाठी मान सतत मागे वळलेली राहते आणि तिथून डोकेदुखी सुरू होते. हात सरळ पुढे ताणून किकबोर्ड (तरंगणारी फोमची फळी) धरणंही मानेला आणि खांद्यांना तसंच बोचतं. फोमचे डंबेल तर अगदी शेवटी: ते पाण्याखाली दाबून धरायला मूठ आवळावी लागते, आणि हाताची बोटं-मनगटं दुखणाऱ्यांना तेवढंच पुरतं. पाठीवर, लांबट फोमच्या न्यूडलच्या आधाराने, कोच शेजारी असताना सावकाश पाय हलवणं ही पोहण्याची चांगली सुरुवात आहे.

अपेक्षा किती ठेवायची, हे स्पष्ट सांगायला हवं. २०१४ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने या विषयावरच्या १६ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांत ८८१ माणसं होती, जवळजवळ सगळ्या बायका. पाण्यातला व्यायाम न करणाऱ्यांशी तुलना केली तर १०० अंकांच्या मापावर दुखणं सरासरी ७ अंकांनी उतरलं, ताठरपणा १८ अंकांनी, आणि सहा मिनिटांत चालण्याचं अंतर ३७ मीटरने वाढलं. पुराव्याचा दर्जा कमी ते मध्यम. पण दिशा बघा: दुखण्यात फरक कमी, ताठरपणात बराच जास्त. तुम्ही रोज ‘दुखणं गेलं का’ हेच तपासत बसलात तर आठव्या आठवड्यात निराश होऊन सोडून द्याल. सकाळी अंग सुटायला ९० मिनिटं लागत होती ती ५० झाली का, भाजी घेऊन जिना चढताना किती वेळा थांबावं लागतं, हे मोजा.

त्याच आढाव्यात पाण्यातला आणि जमिनीवरचा व्यायाम यांत फारसा फरक दिसला नाही. स्नायूंची ताकद तर जमिनीवरच्या व्यायामाने थोडी जास्त वाढली. युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१६ च्या शिफारशींतही ठामपणे सांगितलेली एकच गोष्ट आहे, व्यायाम. तो पाण्यातच हवा असं नाही. म्हणून टँक तासभर लांब असेल, फी झेपत नसेल किंवा पाण्याची भीती असेल, तर त्यासाठी जिवाचा आटापिटा करू नका. पाण्याचा खरा उपयोग, जमिनीवर दहा मिनिटंही चालवत नाही अशांना सुरुवात करून देणं हा आहे. आणि जमलं तरी बाराव्या आठवड्यानंतर घरी आठवड्यातून दोनदा खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं पाच-सहा वेळा जोडा, हळूहळू दहापर्यंत न्या. टँकमधून बाहेर आल्यावर जगायचं पूर्ण वजनानेच असतं.

राहिला टँक बंद असण्याचा प्रश्न: दुरुस्ती, पाणीकपात, थंडी. पंधरा दिवसांहून जास्त खंड पडला तर परत आल्यावर जिथे सोडलं होतं तिथून नाही, त्याच्या निम्म्या वेळेपासून सुरू करा. ३० मिनिटांवर होतात तर १५. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत तीन आठवड्यांत परत ३० वर याल. बंद असलेल्या दिवसांत, टँकच्याच ठरलेल्या दोन दिवशी, त्याच वेळेला, सपाट रस्त्यावर जेवढं झेपतं तेवढं चालत राहा.